जुन्या ४०७ मध्ये दुसरं इंजिन आणि वायरिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टाटा ४०७ बाजारात आली १९८६ साली. दूध, भाजी, विटा, वाळू, मांडवाचं सामान, काय नाही वाहिलं तिनं. चेसिस अजून भक्कम आहे, बॉडी हाताखालची आहे, फक्त इंजिन संपलंय, अशा गाड्या गावोगावी उभ्या आहेत. त्यांच्या मालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: इंजिन केवढ्याला मिळेल? पण इंजिन चेन कप्पीला लावून खाली उतरवलं की काम अर्धंही झालेलं नसतं. गाडी महिनाभर गॅरेजात अडकते ती वायरिंगमुळे, आणि नंतर रस्त्यावर अडकते ती कागदांमुळे. म्हणून इथे या दोन गोष्टींवर जास्त लिहिलं आहे.

इंजिन बदलू, की आहे तेच बांधून घेऊ?

ब्लॉक शाबूत असेल तर आधी बांधण्याचा हिशोब करा. लायनर-पिस्टन, बेअरिंग, क्रँक घासून घेणं, हेडचं काम आणि पंप-नोजल या सगळ्याचा खर्च धरूनही तुमचा इंजिन नंबर तोच राहतो, ही मोठी सोय आहे. ब्लॉकला तडा गेला असेल, कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असेल किंवा क्रँक आणखी घासण्यापलीकडे गेला असेल, तर मात्र दुसऱ्या इंजिनाकडे वळा. नुसता धूर वाढला, ऑइल खायला लागली, एवढ्यावरून इंजिन बदलू नका.

कोणतं इंजिन बसेल?

जे निघालं तेच. जुन्या ४०७ मध्ये ४९७ जातीचं चार सिलिंडरचं इंजिन असतं: बोअर ९७ मिलिमीटर, स्ट्रोक १०० मिलिमीटर, एकूण २९५६ सीसी. त्याच जातीचं, त्याच पिढीचं इंजिन मिळालं तर फाउंडेशन (इंजिन बसतं ते पाय), बेल हाउसिंग, क्लच, प्रॉपेलर शाफ्टची लांबी, रेडिएटरचे होज, सगळं जागच्या जागी बसतं. टर्बोचं इंजिन घालायचं म्हटलं की सायलेन्सरचा पाइप, एअर फिल्टर, रेडिएटर, क्लच प्लेट, शिवाय इंटरकूलर असेल तर त्याची जागा, असं एकामागून एक निघत जातं. घाटात टर्बोचा जोर लागतो हे खरं. पण जुनं रेडिएटर ती उष्णता झेलत नाही, आणि अर्ध्या घाटात बॉनेट उघडून उभं राहावं लागतं.

भंगारात कॉमन रेल इंजिन स्वस्तात मिळतंय. घेऊ का?

नुसतं इंजिन मिळत असेल तर घेऊ नका.

जुनं ४९७ डिझेल दाबानं फेकणाऱ्या पंपावर चालतं. पंपातला गव्हर्नर डिझेल मोजतो, ॲक्सिलरेटरची केबल थेट पंपाच्या लिव्हरला जाते. या इंजिनाला विजेची गरज सेल्फ मारण्यापुरती. एकदा चालू झालं की बॅटरी काढली तरी ते चालत राहील.

कॉमन रेलचं, म्हणजे एकाच दाबाच्या पाइपातून (रेलमधून) सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या इंजिनाचं, तसं नाही. त्याचा मेंदू ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या डबीत असतो. क्रँकच्या सेन्सरकडून फेरे कळले नाहीत, रेलमधल्या दाबाचा आकडा आला नाही, तर ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही. ॲक्सिलरेटरला केबल नसते. पेडलखालच्या सेन्सरमधून दोन वेगळे सिग्नल जातात आणि ते एकमेकांशी जुळले नाहीत तर गाडी रेस घेत नाही. बऱ्याच गाड्यांत किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय ईसीयू जागा होत नाही. मीटरचा संच आणि ईसीयू एकमेकांशी कॅन लाइनवर (सिग्नलच्या दोन पिळलेल्या वायरींवर) बोलतात. म्हणजे इंजिनाबरोबर त्याच गाडीचा ईसीयू, पूर्ण हार्नेस (वायरींचा बांधलेला संच), पेडल, किल्ली आणि मीटर, सगळं हवं. हार्नेस कापलेला असेल तर तो सौदा सोडा. भंगारवाला इंजिन उतरवताना वेळ वाचवायला कपलरच्या (वायरी जोडणाऱ्या प्लगच्या) मागे कटर मारतो, आणि त्या तुटक्या पन्नास-साठ वायरी जुळवण्यात जो वेळ जातो त्यात जुनं इंजिन नव्यानं बांधून होतं.

सगळं सामान पूर्ण असेल तर एक तपासणी घेण्याआधीच करता येते. बॅटरी काढलेली ठेवून कॅनच्या दोन पिळलेल्या वायरींमध्ये मल्टीमीटरनं रेझिस्टन्स मोजा. दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात, त्यामुळे मीटरवर साधारण ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एका बाजूचं काहीतरी गायब आहे. शून्याजवळ आले तर दोन वायरी कुठेतरी एकमेकींना टेकल्या आहेत.

बीएस-६ च्या इंजिनाचा विचारच नको. सायलेन्सरमधला फिल्टर, युरियाची टाकी आणि तिथले सेन्सर मिळून ते एक इंजिन असतं. त्यातलं काही काढलं की ईसीयू ताकद तोडतो.

वापरलेलं इंजिन घेताना काय बघायचं?

आधी नंबर बघा, मग इंजिन. ब्लॉकवर ठोकलेला नंबर कापडानं पुसून, टॉर्च मारून वाचा. घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा आजूबाजूला ग्राइंडरच्या खुणा असलेला ब्लॉक फुकट मिळाला तरी नको. एनसीआरबीच्या (केंद्राच्या गुन्हे नोंदणी विभागाच्या) ‘वाहन समन्वय’ सेवेवर नंबर टाकून चोरीची नोंद आहे का ते बघता येतं. जीएसटीचं बिल घ्या, बिलावर इंजिन नंबर लिहून घ्या, आणि ते इंजिन ज्या गाडीतून निघालं तिचं आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) रद्द झाल्याचा कागद मागा. मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारातून घ्या नाहीतर गावातल्या भंगारवाल्याकडून, कागदाशिवाय पैसे देऊ नका.

मग इंजिन. ऑइलची काडी काढून बघा: दुधाळ तपकिरी ऑइल म्हणजे पाणी मिसळलंय. क्रँकची पुली हातानं पुढे-मागे ओढून बघा, खटका लागला तर क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारं थ्रस्ट बेअरिंग गेलेलं आहे. नोजल काढून कॉम्प्रेशन मोजता आलं तर उत्तमच. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ असणं हे एका मोठ्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं. अल्टरनेटर, सेल्फ, पंप इंजिनावर आहेत की काढून घेतलेत, हे सौदा ठरायच्या आधी मोजा.

आरटीओची परवानगी लागते का?

लागते, आणि ती आधी घ्यायची असते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरची माहिती आणि कंपनीनं ठरवलेली मूळ माहिती यांत फरक पडेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मधल्या निकालात हेच अधोरेखित केलं. त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं, त्याच इंधनाचं इंजिन बसवणं ही वाट खुली आहे, पण नवा इंजिन नंबर आरसीवर चढलाच पाहिजे. बदल झाल्यावर १४ दिवसांच्या आत कळवण्याची मुदत कायद्यात आहे. आरटीओत जाऊन आधी अर्ज द्या, बिल दाखवा, तोंडी नव्हे तर लेखी उत्तर घ्या, मगच जुनं इंजिन काढा.

परवानगी नसलेल्या बदलाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दंड एक वेळ भराल. पण अपघात झाला आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरनं ब्लॉकवरचा नंबर आरसीशी लावून बघितला, तर क्लेम अडतो. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतो, तिथेही नंबर बघितला जातोच.

गाडीवर कर्ज आहे. चालेल का?

बँकेची किंवा फायनान्सवाल्याची लेखी संमती आधी घ्या. विमा कंपनीलाही नवा नंबर कळवा आणि पॉलिसीवर चढवून घ्या.

इंजिन काढण्याआधी वायरिंगचं काय करायचं?

काहीही सोडवायच्या आधी फोटो काढा, लांबून आणि जवळून. मग प्रत्येक कपलरच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेपचा तुकडा लावा आणि दोन्हींवर एकच आकडा लिहा. वहीत त्या आकड्यापुढे ‘पाण्याच्या मीटरचा सेन्सर’, ‘सेल्फची बारीक वायर’ असं लिहून ठेवा. मिस्त्री म्हणतो, ‘साहेब, सगळं डोक्यात आहे.’ असेलही. पण इंजिन मशीन शॉपमधून तीन आठवड्यांनी परत येतं, आणि तोवर त्याच्या डोक्यावरून दहा गाड्या गेलेल्या असतात.

बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा, पॉझिटिव्ह नंतर. लावताना उलट. वायर कापू नका, कपलर उघडा. कपलर अडकला असेल तर फवारा मारून पाच मिनिटं थांबा.

जुना हार्नेस ठेवू की नवीन घालू?

वाकवून बघा. मॅनिफोल्डजवळची वायर बोटांत दुमडल्यावर कव्हर तडकत असेल तर तो हार्नेस संपलाय. दुसरी खूण तांब्याची: टोक सोलल्यावर तार आतपर्यंत काळी किंवा हिरवी निघाली तर तिला लग (टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) लावून उपयोग नाही. कोकणात चाललेल्या गाड्यांत हे हमखास सापडतं.

माझं मत सांगतो. इंजिन बाहेर आहेच तर इंजिनाच्या बाजूचा हार्नेस नवीन घाला, केबिनचा चांगला असेल तर राहू द्या. पंधरा-वीस वर्षांत चार वायरमननी चार ठिकाणी घातलेले जोड नव्या इंजिनावर पुन्हा चढवण्यात शहाणपण नाही.

वायरच्या रंगांवर विश्वास ठेवू का?

नाही. जुन्या गाडीत दुकानात जो रंग होता तो घातलेला असतो. आकड्यांवर विश्वास ठेवा. टाटांचे ट्रक १९५४ पासून डायमलर-बेंझच्या सहकार्यानं बनू लागले, आणि सेल्फ, रिले, स्विचवरचे टर्मिनलचे जर्मन आकडे आपल्या गॅरेजांत आजही चालतात. एवढे पाठ असले तरी बरंच काम होतं:

३० म्हणजे बॅटरीची थेट पॉझिटिव्ह, कायम जिवंत. १५ म्हणजे किल्ली चालू केल्यावर येणारी. ५० म्हणजे सेल्फ मारतानाच येणारी. ३१ म्हणजे अर्थ (अर्थिंग), बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी वाट. रिलेवर ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोकं, ३० ला करंट येतो आणि ८७ मधून बाहेर पडतो. दिव्यांत ५८ पार्किंग आणि टेल, ५६ए मोठा लाइट, ५६बी डिपर.

टेस्टलॅम्प घेऊन किल्लीमागच्या प्रत्येक वायरीला वरच्या आकड्यांपैकी एक आकडा लावत गेलात, तर अर्ध्या तासात गाडीचा नकाशा तयार होतो.

१२ व्होल्ट आणि २४ व्होल्टची सरमिसळ चालते का?

चालत नाही. ४०७ साधारणपणे १२ व्होल्टवर असते, मोठ्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. इंजिन दुसऱ्या प्रकारच्या गाडीतून आलं असेल तर सेल्फ, अल्टरनेटर, स्टॉप सोलेनॉइड (इंजिन बंद करणारा विजेचा खटका) आणि सेन्सर या चौघांवरचा व्होल्टेज वाचल्याशिवाय एकही वायर लावू नका. २४ चा अल्टरनेटर १२ च्या गाडीवर चालवला तर आधी बल्ब जातात, मग बॅटरी उकळते.

इंजिन बसलं, बॅटरी नवी, तरी सेल्फ जड फिरतो. का?

दहापैकी बहुतेक वेळा कारण अर्थिंग.

इंजिन रबरावर बसलेलं असतं, म्हणजे चेसिसपासून तुटलेलं. सेल्फचा शेकडो ॲम्पिअरचा करंट ब्लॉकमधून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत परत जायला हवा, आणि त्यासाठी ब्लॉक ते चेसिस अशी जाड तांब्याची विणलेली पट्टी असते. इंजिन बदलताना ती काढली जाते, कोपऱ्यात पडते, आणि तशीच राहते. मग करंट दुसरी वाट शोधतो. ॲक्सिलरेटरची केबल, हँडब्रेकची केबल, जिथून धातू धातूला लागतो तिथून जातो. दुधाच्या लाइनवरची एक ४०७ आमच्याकडे आली होती. तक्रार ‘सेल्फ मारला की पेडलपाशी जळका वास येतो’. ॲक्सिलरेटर केबलचं प्लॅस्टिक आतून वितळून तारेला चिकटलं होतं. सेल्फ दोनदा बदलून झाला होता. पट्टी मात्र गाडीवर नव्हतीच.

तपासायची रीत अशी. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, लगवर नव्हे, थेट शिशाच्या खांबावर. दुसरं ब्लॉकच्या उघड्या धातूवर. इंजिन बंद करायची स्टॉप केबल ओढून धरा आणि सेल्फ मारायला सांगा. मीटरवर ०.२-०.३ व्होल्ट आले तर ठीक. ०.५ च्या वर गेले तर तेवढे व्होल्ट वाटेतच जळतायत. मग एक टोक तसंच ठेवून दुसरं चेसिसवर, पट्टीच्या नटावर, लगवर असं सरकवत जा. जिथे आकडा एकदम उडी मारतो, तिथे गंज आहे. तो नट काढा, खालचा रंग पॉलिश पेपरनं धातूपर्यंत घासा, पट्टी आवळा, वरून ग्रीस लावा. याच रीतीनं पॉझिटिव्ह बाजू मोजा: बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबापासून सेल्फच्या ३० च्या बोल्टपर्यंत.

फ्यूज किती ॲम्पिअरचा टाकू?

वायर बघून टाका, बल्ब बघून नाही. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितकं बरं, कारण फ्यूजच्या आधीच्या वायरच्या तुकड्याला कसलंच संरक्षण नसतं. फ्यूज वारंवार उडतो म्हणून तिथे तार गुंडाळणाऱ्याला गाडीला हात लावू देऊ नका. ट्रक जळतात ते असेच.

हॉर्न, हेडलाइट, सेल्फची ५० ची वायर यांना रिले घाला. नाहीतर सगळा भार किल्लीच्या स्विचवर येतो.

जोड सोल्डर करू का?

इंजिनावर नको. सोल्डर वायरीत वर चढतं, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो, आणि थरथरीनं नेमका त्याच्या कडेला तुटतो. चांगल्या प्लायरनं दाबलेला लग आणि त्यावर गोंदवाली श्रिंक स्लीव्ह हे जास्त टिकतं. नुसता पीळ देऊन काळी टेप तर नकोच. उन्हाळ्यात तिचा गोंद सुटतो आणि पावसाळ्यात पाणी आत जातं.

वायर नेताना मॅनिफोल्डपासून आणि डिझेलच्या पाइपापासून लांब ठेवा. पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट हवाच. चेसिसवरून इंजिनावर जाताना थोडी ढील सोडा, कारण रेस मारल्यावर इंजिन रबरावर चांगलंच हलतं.

टेंपरेचरचा काटा चुकीचा का दाखवतो?

नव्या इंजिनावरचा सेन्सर तुमच्या मीटरचा नाही. जुना सेन्सर काढून नव्या इंजिनावर लावा, फक्त आटे जुळतात का ते बघा. एकाच वायरीचा सेन्सर स्वतःच्या अंगातून अर्थ घेतो, म्हणून त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. टेपमुळे अर्थ तुटतो आणि काटा हलत नाही. ऑइल प्रेशरच्या सेन्सरचंही हेच.

अल्टरनेटर नवा, तरी चार्जिंग नाही.

डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा दिवा किल्ली चालू केल्यावर लागतो का? लागत नसेल तर तिथेच उत्तर आहे. त्या बल्बमधून अल्टरनेटरच्या डी प्लस (D+) टर्मिनलवर थोडासा करंट जातो आणि अल्टरनेटर जागा होतो. बल्ब गेलेला असेल किंवा कोणी तिथे एलईडी घातला असेल तर अनेक अल्टरनेटर चार्ज करायला सुरुवातच करत नाहीत. दोन-तीन वॉटचा साधा बल्ब लावा. इंजिन चालू असताना १२ च्या गाडीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत.

इंजिन बदलल्यावर ब्रेक कडक झाले. संबंध आहे का?

आहे, आणि हे सोडवल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढू नका. ४०७ च्या ब्रेकला व्हॅक्यूमची मदत असते. व्हॅक्यूम पंप बऱ्याचदा अल्टरनेटरच्या मागेच असतो. तुम्ही पंप नसलेला अल्टरनेटर लावला असेल, होज चिरलेला असेल किंवा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेनं जाऊ देणारा) उलटा बसला असेल, तर पाय दगडावर ठेवल्यासारखा वाटेल. पंपाचा ऑइल पाइप जोडला आहे ना, हेही बघा, नाहीतर पंप जळेल.

पहिल्यांदा चालू करताना क्रम काय?

घाई नको. ऑइल, पाणी, नवा डिझेल फिल्टर आधी.

मग बॅटरी, पण थेट नाही. निगेटिव्हचा खांब आणि काढलेली केबल यांच्यामध्ये इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब लावा. सगळे स्विच बंद असताना बल्ब भगभगीत पेटला तर कुठेतरी वायर चेसिसला टेकलीय. एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजला बल्ब विझेल त्या लाइनवर शोधा. कुठल्याच फ्यूजनं विझला नाही तर सेल्फ किंवा अल्टरनेटरची जाड केबल बघा. अशा शॉर्टनं इथे फक्त एक बल्ब पेटतो. केबल थेट लावली असती तर तोच शॉर्ट हार्नेस जाळून गेला असता.

बल्ब शांत असेल तर केबल लावा. डिझेल पंपाची हवा हँड प्रायमरनं काढा, फिल्टरच्या स्क्रूमधून बुडबुडे थांबेपर्यंत. स्टॉप केबल ओढून ठेवून सेल्फ थोडा थोडा मारा, मध्ये थांबून, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत. बांधलेल्या इंजिनाच्या बेअरिंगना आधी ऑइल मिळालं पाहिजे. त्यानंतरच केबल सोडा. नोजलचे नट किंचित ढिले करून डिझेल येताना दिसलं की आवळा.

एअर इनटेकजवळ एक माणूस सपाट फळी घेऊन उभा ठेवा. पंपातला डिझेल कमी-जास्त करणारा रॅक अडकला आणि इंजिन आपोआप रेस घेत गेलं, तर हवा बंद करणं हा एकच उपाय उरतो. हात कधीही लावू नका.

किल्ली बंद केली तरी इंजिन बंद होत नाही.

इंजिन बंद करायला पंपावर ओढायची केबल आहे की सोलेनॉइड, ते बघा. तुमची गाडी केबलची आणि नवा पंप सोलेनॉइडचा असेल तर त्याला १५ नंबरची लाइन, फ्यूजमधून, नव्यानं द्यावी लागते. काही सोलेनॉइड करंट मिळाल्यावर डिझेल सोडतात, काही करंट मिळाल्यावर तोडतात. जोडण्याआधी बॅटरीवर लावून बघा.

फाउंडेशनला वेल्डिंग करायचंय. इंजिन बसवून करू का?

बॅटरी आणि अल्टरनेटर सोडवून, ईसीयू असेल तर त्याचा कपलर काढून, आणि वेल्डिंगची अर्थची क्लिप अगदी कामाच्या जागेलगत लावून करा. लांब लावली तर करंट बेअरिंगमधून जातो. चेसिसच्या फ्लँजवर मात्र मनानं वेल्डिंग करू नका, तिथे बोल्ट.

गाडी सुरू झाली. लगेच माल भरू का?

पहिले काही दिवस अर्ध्या मालावर आणि जवळच्या फेऱ्यांवर चालवा. पहिल्या दिवशी संध्याकाळी इंजिन गार झाल्यावर फाउंडेशनचे बोल्ट, होजच्या क्लिपा आणि सेल्फच्या ३० चा नट पुन्हा आवळा. रात्री हाताला तापलेला वाटणारा एखादा लग किंवा फ्यूज होल्डर सापडतो का बघा. तापतो तिथे जोड ढिला आहे. बांधलेल्या इंजिनाचं पहिलं ऑइल कंपनीच्या नेहमीच्या मुदतीची वाट न बघता लवकर बदला. आणि आरसीवर नवा नंबर चढल्याची छापील प्रत हातात येईपर्यंत परराज्यातलं भाडं घेऊ नका.